रत्नव्वाच्या जटेचा अंबाडा

माझं नाव क्रांती. वडील चळवळीतले, त्यांनी मोठ्या हौसेनं ठेवलं. मी मात्र जी काही उलथापालथ केली ती बायकांच्या डोक्यावर, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या एवढ्याशा ब्युटी पार्लरमध्ये. नवरीचा मेकअप, अंबाडे, खोपे, सगळं करते. तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. लग्न तोंडावर आल्यावर जिना चढून येणाऱ्या आणि "ताई, मला वेगळं काहीतरी करा" म्हणणाऱ्या बायकांशी गोड बोलायला मला जमत नाही.

दोन हजार एक सालच्या मे महिन्यात मात्र खरोखरच वेगळं काहीतरी जिना चढून आलं. पुढं पांढऱ्या शर्टातले, कपाळाला विभूती लावलेले एक गृहस्थ. त्यांच्यामागे चाळिशीची एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली. तिच्यामागे एक म्हातारी, हातात पितळी ताट घेऊन, आणि त्या ताटात बाईच्या पदराखालून आलेलं जाडजूड, काळंपिवळं काहीतरी वेटोळं करून ठेवलेलं. सगळ्यांत मागे एक तरणी मुलगी. गृहस्थांनी दारातच खाली बसून बाईच्या चपला स्वतःच्या हातानं काढल्या आणि हात जोडून म्हणाले, "आई, पंख्याखाली बसावं."

"तुमच्या आई वयाच्या मानानं फारच तरुण दिसतात हो," मी म्हटलं. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बरे बोलावेत म्हणून क्वचित बोलते, तर ते असं होतं.

"बायको हाय मी ह्येंची," बाई म्हणाली.

गृहस्थांनी जीभ चावली, पण आपली चूक झाली म्हणून नव्हे. आईला स्वतःची ओळख स्वतः सांगावी लागली म्हणून.

मग उलगडा झाला. गृहस्थ म्हणजे भीमाप्पा, लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. बाई त्यांची बायको रत्नव्वा. म्हातारी ही भीमाप्पांची आई, तिला सगळे आक्का म्हणत. मुलगी पवित्रा, हिचंच लग्न. ताटात होती ती रत्नव्वाची जट. आठ-नऊ वर्षांपूर्वी रत्नव्वा टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला खिळली. केसांना ना तेल ना फणी, त्यांचा गुंता झाला. गुंता सोडवायला आक्का बसली, सुटेना, आणि तिनं एकदम हात जोडले. "यल्लम्मा आली! आई आली घरात!" झालं. त्या दिवसापासून त्या केसांना फणी बंद, कात्री बंद, आणि रत्नव्वाला बढती मिळाली. सुनेची देवी झाली. मंगळवार-शुक्रवारी तिच्या जटेला हळद-कुंकू वाहायला गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. नवरा बायकोला आई म्हणू लागला, सासू सुनेच्या पाया पडू लागली. जट मात्र कुणाचं न ऐकता वाढत राहिली आणि गुडघ्यापर्यंत आली.

"लग्नात आईला स्टेजशेजारी खुर्चीवर बसवायचं," आक्का मला सांगू लागली. "जट मोकळी, चांदीच्या ताटात. वऱ्हाड रांगेनं येऊन पाया पडंल. तुमी निस्तं धुऊन, धूप दाखवून द्या."

मी म्हटलं, आधी बघू तरी द्या. रत्नव्वाला पडद्याच्या आड खुर्चीत बसवलं. आक्का ताट सोडायला तयार नव्हती, म्हणून ती पडद्याबाहेर स्टुलावर ताट धरून बसली. डोकं आत, जटेचं टोक बाहेर. मी जटेला हात लावला तशी रत्नव्वा खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमी ह्येचा अंबाडा घालाल काय? साधा. पोरीच्या आईचा असतो तसला. कुणाला कळू नये असा."

"का हो? देवीचा मान नको झाला?"

तिनं पदरानं डोळे टिपले. "ताई, नऊ वरसात माझ्याशी कुणी भांडलं न्हाई."

मला आधी कळेना, याच्यात रडण्यासारखं काय आहे. माझ्याशी रोज चार माणसं भांडतात, मी त्यातून सुटायला बघते.

"भाजीत मीठ जास्त पडलं तरी हे म्हणत्यात, आईची मर्जी. आधी ताट भिरकावायचे. मी बी सोडत नव्हते, गल्ली गोळा व्हायची. रात्री मग हेच म्हणायचे, रत्ने, जेवलीस का न्हाई. आता जेवायच्या आधी माझ्या म्होरं निवद ठिवत्यात आन् लांब जाऊन बसत्यात. पोरीनं लग्नाचा शालू घेतला, रंगावरनं माझ्याशी एका शब्दानं वाद घातला न्हाई. ही पोर आता सासरी जाणार. मला तिच्या लग्नात तिची आई व्हायचं हाय. विहिणीनं मला घालून पाडून बोलावं, मी तिला बोलावं. एक दीस. मग बसवा म्हणावं ताटात."

मला तिचा राग आला, खरं सांगते. तिच्या घरच्यांचा त्याहून जास्त आला. सोन्यासारखी बाई धरून तिचा देव्हारा करून ठेवला होता. मी म्हटलं, "कापूनच टाकू की मग. पाच मिनिटांचं काम."

"नगं," ती घाबरून म्हणाली. "माझाबी इश्वास हाय की तिच्यावर. तिचं काय चुकलंय? ती बिचारी गप बसल्या डोक्यावर. ही माणसंच ऐकंनात."



मी पडदा सारला आणि जाहीर केलं की अंबाडा घालायचा आहे. आक्कानं ताट घट्ट धरलं. "आईला इचारल्याबिगर जटंला पीळ द्याचा न्हाई. कौल लावा."

कौल लावायचा म्हणजे देवाला फूल चिकटवायचं. उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. पार्लरमध्ये देव म्हणजे माझ्या आरशावरचं गणपतीचं स्टिकर, पण आक्काला ते चालेना. शेवटी आरशातच रत्नव्वाचं प्रतिबिंब दिसत होतं, त्या प्रतिबिंबाच्या कपाळावर ओलं शेवंतीचं फूल चिकटवलं. रत्नव्वाला सांगितलं, हलू नका, देव हलेल. फूल लगेच उजवीकडं पडलं.

"पंख्याच्या वाऱ्यानं पडलं," आक्का म्हणाली. "पंखा बंद करा."

पंखा बंद केला. दुसरं फूल लावलं. ते पडेचना. मे महिना, वर पत्रा, आम्ही सगळे त्या फुलाकडे डोळे लावून उभे. भीमाप्पांचा शर्ट पाठीला चिकटला. माझी फेशियलला बसलेली एक गिऱ्हाईक चेहऱ्यावरचा लेप ओघळायला लागला म्हणून कुरकुरू लागली, तिला आक्कानं हातानंच गप्प केलं. शेवटी आक्कालाच गरगरायला लागलं. "आता गं बया, पंखा लावा की कुणीतरी!" पंखा लागला आणि फूल उजवीकडं पडलं.

"आईची मर्जी," आक्का म्हणाली आणि पदरानं वारा घेऊ लागली. मात्र तिनं अर्थ असा लावला की आईला लग्नात गुप्त रूपानं वावरायचं आहे. म्हणजे वरपक्षाला काही कळता कामा नये, आणि घरच्यांनी आईशी अगदी साध्या बाईशी वागावं तसं वागायचं. ही आज्ञा.

भीमाप्पांचा चेहरा पडला. "म्हंजे मी काय म्हणू त्येंला?"

"बायकोला म्हणतात तसं म्हणा," मी म्हटलं. "पाणी आण म्हणा. म्हणून बघा आत्ता."

भीमाप्पा रत्नव्वासमोर उभे राहिले. घसा खाकरला. "अगं…" म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. "अगं, पाणी… पाणी आणावं. न्हाईतर ऱ्हाऊ दे, मीच आणतो." आणि खरंच जिना उतरून पाणी आणायला गेले. रत्नव्वानं माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरलेले होते.

आता कामाचं बोलते. जटेचा अंबाडा घालणं मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्याकडे रद्दीतून आलेलं एक परदेशी मासिक होतं, त्यात एक सावळी नवरी होती. डोक्यावर अशाच जटा, पण वर उचलून बांधलेल्या, मध्ये मोती गुंफलेले, अंगात पांढरा झगा. मी ते रत्नव्वाला दाखवलं. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं.

"ही कुठल्या डोंगरावरची?" तिनं विचारलं. "हिच्या घरचं बरं असल्या झग्याला तयार झालं?"

आक्कानं चित्राला हळद-कुंकू लावलं. मासिक त्या पानापुरतं बाद झालं.

आधी शिकेकाई आणि रिठ्याच्या पाण्यात जट भिजत घातली. नऊ वर्षांची हळद निघाली, बादली आमटीसारखी पिवळी झाली. मग टॉवेलात दाबून दाबून, उन्हात वाळवून, थोडं एरंडेल चोळलं. जट वाळली की हलकी होते, हे मला तेव्हाच कळलं. पिना तिच्यात शिरत नव्हत्या, वाकत होत्या. मग मी कापडाची चुंबळ केली, बायका डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात तशी, काळ्या कापडाची. ती मागे डोक्यावर बसवली, तिच्याभोवती जट फिरवली आणि काळ्या दोऱ्यानं दाभणानं टाके घातले. वर सोन्याची मूद, कडेनं अबोली आणि मोगऱ्याचे गजरे, मध्ये दवण्याच्या दोन काड्या. लग्नाच्या सकाळी ते काम पुरं झालं तेव्हा मी दोन पावलं मागे सरून बघितलं. इतका देखणा, भरदार अंबाडा मी आजवर कुणालाही घातला नव्हता. रत्नव्वा मान ताठ करून बसली होती. सुंदर दिसत होती बाई, मला तिचा अभिमान वाटला.

लग्न कळंबा रोडच्या एका कार्यालयात होतं. मी नवरीच्या मेकअपसाठी होतेच, पण माझं निम्मं लक्ष त्या अंबाड्याकडे. नवरामुलगा शशिधर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरीला, माणसं पेठ वडगावची. त्याची आई शालूबाई म्हणजे अंगानं आणि आवाजानं दणकट बाई. तिनं आल्या आल्या रत्नव्वाला पाठीमागून न्याहाळलं.

"विहीणबाई, गंगावन कुठनं आणलंसा ओ? लई भारी हाय."

"गंगावन न्हाई," रत्नव्वा म्हणाली. "घरचंच हाय."

"एवढं सगळं?"

शालूबाईंचा हात नकळत स्वतःच्या अंबाड्यावर गेला. तिथं गंगावन होतं, आणि त्याचा जोड मला मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होता. त्यांच्या कपाळावर आठी पडली. विहीण आपल्यापेक्षा केसांनी वरचढ निघाली, हे पचायला जड गेलं. अक्षता पडल्या तशा त्या मानाच्या साड्यांची पेटी उघडून बसल्या आणि एकेक साडी उलटीपालटी करू लागल्या.

"ह्या साड्यास्नी फॉल न्हाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आमच्या वडगावात पावण्यास्नी बिनफॉलच्या साड्या देत न्हाईत. कोल्हापुरात देत्यात वाटतं."

सगळ्या बायका रत्नव्वाकडं वळल्या. रत्नव्वाचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. इतक्या वर्षांची सवय मोडलेली.

"फॉल… फॉल लावलाय की," ती कशीबशी म्हणाली.

"कुठं लावलाय? दावा."

"डोळं हायत की तुमास्नी. बघा."

बोलून तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग तो काढला. मग जे सुरू झालं ते ऐकत राहावं असं होतं. "आमच्या दिरास्नी जी टोपी पाठवलीसा ती काय नारळाला घालायची व्हय?" रत्नव्वा म्हणाली. " डोस्क्यात जाईना!" शालूबाई म्हणाल्या, डोकीच तुमच्याकडची मोठी, त्याला आम्ही काय करणार. रत्नव्वा म्हणाली, मोठी हायत, आत काहीतरी हाय म्हणून मोठी हायत. तिचे गाल लाल झाले, मान डोलायला लागली, बांगड्या वाजायला लागल्या. मी आयुष्यात इतकी खूश बाई पाहिलेली नाही.

भीमाप्पा मात्र कडेला उभे राहून घामाघूम झाले होते. साक्षात आईशी कुणीतरी हुज्जत घालतंय, हे त्यांना बघवेना. ते हळूच शालूबाईंजवळ गेले. "जरा दमानं घ्या. कोप हुईल."

"कुणाचा कोप?"

भीमाप्पांना आज्ञा आठवली. "माझ्या आईचा," ते म्हणाले आणि आक्काकडं बोट दाखवलं. आक्का बिचारी बर्फी खात होती.

भांडणाला रंग भरला असतानाच कुणीतरी ओरडलं की पंगत बसायची वेळ झाली, खीर बघा. रत्नव्वा पदर खोचून उठली. "थांबा विहीणबाई, आलेच. माझं अजून संपलं न्हाई." पोरीच्या आईनं करायचं काम होतं ते. मी तिच्यामागे धावले, कारण मान डोलवून डोलवून अंबाड्याचे दोन टाके सुटलेले मला दिसले होते.

मागच्या अंगणात आचारी आकारामनं मोठ्या पातेल्यात खपली गव्हाची खीर केली होती. गहू भीमाप्पांनी स्वतःच्या दुकानातला, एकेक दाणा बघून निवडलेला. पातेलं चुलीवरून उतरवून ठेवलेलं, काठोकाठ भरलेलं. रत्नव्वा गूळ पुरेसा आहे का बघायला वाकली. मी "अहो" म्हणेपर्यंत चुंबळ निसटली, मूद टणकन फरशीवर पडली आणि अख्खी जट, गजऱ्यांसकट, खिरीत गेली.

"बाद," आकाराम म्हणाला. "एक केस घावला तर मी खीर टाकतो. हितं तर…" त्याला आकडा सुचेना.

गलका ऐकून मांडव मागे आला. आक्कानं पातेल्यात बघितलं आणि कोपरापासून हात जोडले. "बाद कशानं? आई परगट झाली. परसाद झाला आता ह्येचा!"

"केस हाय की तो, म्हातारे."

"केस न्हवं, जट हाय!"

वऱ्हाडात दोन तट पडले. कुणी म्हणालं, केस पडला तर विटाळ, जट पडली तर प्रसाद. कुणी विचारलं, मग गजरा पडला त्याचं काय. वडगावचे एक चुलते पुढं झाले आणि प्रसादच असेल तर पहिली वाटी वरपक्षाची, म्हणाले. वधूपक्षाचे म्हणाले, आई आमच्या घरची, पहिली वाटी आमची. एकानं तर शंका काढली की जट बाहेर काढली तर उरलेल्या खिरीचा प्रसादपणा जाईल, म्हणून पंगत उठेपर्यंत ती आतच राहू द्यावी. ते बऱ्याच जणांना पटलं. आणि कौल लावल्याशिवाय जटेला हात लावायला कुणी तयार होईना. रत्नव्वा बिचारी पातेल्यावर तशीच वाकलेली.

"आवो, मान अवघडली," ती खालून म्हणाली.

"आई बोलली!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पुढचे दहा-बारा जण खाली बसले.

शालूबाई गर्दी सारून पुढं आल्या. जट बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत्तापर्यंत आपण कुणाशी भांडत होतो हे त्यांना कळलं. मी जट उचलून धरली तशी रत्नव्वा सरळ झाली आणि आशेनं म्हणाली, "विहीणबाई, फॉलचं ऱ्हायलं की आपलं."

"चुकलं आई," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फरशीवर डोकं टेकलं. गंगावन निसटून पुढं पडलं, तेही त्यांनी उचललं नाही. "बिनफॉलची नेसते मी. जलमभर नेसते."

रत्नव्वाचा चेहरा उतरला. तिच्याभोवती रांग लागायला लागली. पवित्रा, नवरी, मुंडावळ्यांसकट रांगेत उभी राहिली. मला इतकं वाईट वाटलं की मीच तिच्याशी भांडायला हवं असं मनात आलं, पण माझं भांडण तिच्या काय उपयोगाचं?

तेवढ्यात फाटकावर पाव्हणे घेत असलेले भीमाप्पा धावत आले. त्यांनी रांग बघितली नाही, आक्काला बघितलं नाही. त्यांनी पातेलं बघितलं. निवडलेल्या गव्हाची खीर बघितली, तिच्यात तरंगणारे मोगरे बघितले, आणि जटेवरून फरशीवर गळणारी खीर बघितली.

"अगं ए रत्ने!" ते ओरडले. "डोळं फुटलं काय तुझं? खिरीत डोस्कं घालतीस? अक्कल हाय का न्हाई?"

रांग जागच्या जागी थबकली. मांडवातली सनई तेवढी चालू होती. भीमाप्पांना आपण काय बोललो ते उशिरा कळलं.

"भीमा," आक्का कुजबुजली, "पाय धर. माफी माग."

भीमाप्पा वाकायला लागले.

"खबरदार वाकलासा तर!" रत्नव्वा कडाडली. "माझी अक्कल काढतासा? आन् एवढं काठोकाठ भरलेलं पातेलं वाटंत कुणी ठिवलं?"

भीमाप्पा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबले.  मग ते सरळ झाले.

"मी ठिवलं! वाटंत न्हवं, चुलीम्होरं ठिवलं! तुला कुणी सांगितलंतं वाकाय? आचारी मेलाय काय?"

"तुमी गूळ कमी घालतासा म्हणून वाकले! लग्नापास्नं बघत्या मी, गूळ म्हटलं की हात आखडतोय तुमचा!"

"माझा हात आखडतोय? माझा?"

रत्नव्वाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज चढतच होता. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. चालू भांडणात पाया कुणाच्या पडायचं? एकेक करून ती मांडवात परत गेली. आकारामनं मसालेभात वाढायला घेतला.

मी दोघांना मागच्या नळावर नेलं. भीमाप्पांनी जटेचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं, धुणं पिळतात तसं ते पिळत होते आणि गव्हाच्या प्रतीवरून तिला ऐकवत होते. ती ओणवी होऊन नळाखाली डोकं धरून उलट उत्तरं देत होती. माझ्या हातात मूद, दाभण, कोरडी चुंबळ. फोटोवाला दोनदा येऊन गेला, स्टेजवर मुलीच्या आईवडिलांची वाट बघत होते.

"रत्नव्वा," मी म्हटलं, "अंबाडा घालू का परत?"

तिनं नळाखालूनच हात वर करून मला थांबवलं.

"दम धरा की वाईच ताई, मधी बोलू नगा. ह्येंचं अजून संपलं न्हाई."